चौकातले हिरवे काका

पदराचा कोपरा ओला करून काकू आधी पुतळ्याचा चष्मा पुसत, मग एक पाऊल मागे सरून म्हणत, "आज बरे दिसून राहिले."

समोरच माझं औषधाचं दुकान. शटर वर करताना हे रोज ऐकू येई. पुतळा त्यांच्या यजमानांचा. आमच्या भागातल्या विणकरांचे ते पुढारी होते. ते गेल्यावर लोकांनी घरातली मोडकी तांब्याची भांडी दिली, त्यातून हा अर्धपुतळा ओतवून घेतला. काकूंनी आपल्या लग्नातला हंडा दिला होता.

असे पुतळे तुम्हीही पाहिले असतील. पावसाळ्यागणिक हिरवे पडत जातात. काकांचे कान, मिशा, खांद्यावरची शाल, सगळं हिरवट झालं होतं. काकू चष्मा पुसत, पक्ष्यांची घाण काढत. त्या हिरव्या थराला मात्र हात लावत नसत. एकदा मी घासायला चिंच देऊ केली.

"काहून?" त्या म्हणाल्या. "मी म्हातारी होऊन राहिली. ह्यायनं काय तरणंच राहावं?"

काकांच्या जयंतीच्या आधी गल्लीतली मंडळी सोनेरी रंगाचा डबा घेऊन आली, तेव्हा काकूंनी सगळ्यांना चहा पाजला आणि डबा परत पाठवला. "जल्मभर अंगाले सोनं लागू देलं नाही त्यायनं. आता काहून फासता गा?"

गेल्या वर्षी एका सकाळी चौथरा रिकामा दिसला. काकू त्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ओला पदर हातात तसाच.

"चोरून नेलं गा," त्या म्हणाल्या. "वितळवून टाकतीन."

मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि त्यांना ऑटोत बसवून लकडगंजच्या भंगारबाजाराकडे निघालो. तिथल्या एकेका दुकानात काकू विचारत होत्या, "आमचे हे आले काय इथं? चष्मा हाय. हिरवे पडले हायेत."

"माणूस का पुतळा, माय?" एका दुकानदाराने विचारलं.

"मले दोन्ही एकच हाय, भाऊ."

तो हसला नाही. उठून स्वतः मागचा ढीग उपसून आला. तिथेही काका नव्हते.

दुपार झाली. काकू पाण्यालाही नाही म्हणत होत्या. तेवढ्यात माझ्या बायकोचा फोन आला. चौकात नाली खोदायची होती. मशीनचा धक्का लागू नये म्हणून ठेकेदाराने पुतळा उचलून शहराबाहेर मौद्याच्या रस्त्यावरच्या आपल्या शेडमध्ये ठेवला होता. सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

शेडमध्ये काका पोत्यांवर आडवे होते. शेजारी एक कामगार पॉलिशचा डबा घेऊन बसलेला. एक गाल त्याने घासून लख्ख केला होता.

"पूरा चमकावून देतो, माय," तो खुशीत म्हणाला.

आता ह्याचं काही खरं नाही, असं मला वाटलं. काकू खाली बसल्या. पुतळ्याच्या हिरव्या कानावर हात ठेवून बराच वेळ रडल्या. कामगाराने घाबरून डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी डोळे पुसले, तो लख्ख गाल नीट पाहिला आणि त्यांना हसू फुटलं.

"एक गाल लग्नातला, एक आताचा. राहू दे बाप्पा आता असंच. दोन्ही माहेच हायेत."

नालीचं काम संपल्यावर काका तसेच, दोन रंगांच्या गालांनी, चौथऱ्यावर बसले. काकू ह्या उन्हाळ्यात गेल्या, झोपेतच.

मला आठवते ती त्या दिवशीची परतीची वाट. रस्त्यावरच्या टपरीपाशी त्यांनी ऑटो थांबवायला लावला. सकाळपासून उपाशी असलेल्या काकूंनी तर्रीत बुडवून आलूबोंडा खाल्ला. नाक-डोळे वाहत होते, तरी दुसरा मागवला. तोही संपला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुह्या प्लेटीतला तू खात नसशील, तं इकडं दे न गा."

मी प्लेट त्यांच्यापुढे सरकवली.