कम्फर-टेबल

बुटांच्या दुकानात त्याची उभी हयात गिऱ्हाइकांच्या पायांशी बसण्यात गेली. बायको गेल्यावर एकुलती मुलगी वाढवली तीही याच नोकरीवर.

म्हाताऱ्या मालकांनी गल्ला मुलाकडे सोपवला आणि नवा फतवा निघाला. बूट चढवला की गिऱ्हाइकाला इंग्रजीत विचारायचं, ‘कम्फ्टबल?’ या धाकट्या मालकाच्या पायात पहिले बूट यानेच चढवले होते.

त्याने विचारलं, “कम्फर... टेबल?”

“टेबलं शेजारच्या दुकानात मिळतात!” धाकटा मालक गल्ल्यावरून ओरडला. गिऱ्हाईक पोट धरून हसलं. तेव्हापासून त्याचं नावच टेबल पडलं. चहावालासुद्धा “हा टेबलाचा” म्हणून कप आदळून जायचा.

मुलगी कॉलेजात होती. तो अवघडून म्हणाला, “एवढा एक शब्द शिकव गं.”

“बाबा, आधी टेबल डोक्यातून काढा. कम्फ्-ट-बल.”

“पण लिहिताना तर आहे की टेबल.”

“लिहितात तसं बोलत नाहीत. शी! किती वेळा सांगायचं?”

भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तो पुटपुटत राहिला. एका सकाळी दाढी करताना शब्द सुळकन बाहेर पडला. गालांवर फेस तसाच ठेवून त्याने मुलीला उठवलं नि म्हणून दाखवला.

“जमलं,” ती म्हणाली आणि कूस बदलली.

त्याच दुपारी तिच्या मैत्रिणी दुकानातली गंमत बघायला आल्या. टेबल हिचा बाप, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिलाही ओढून आणलेलं. त्याला पाहताच ती चपलांच्या फळीकडे वळली. तो समजला. चवड्यांवर बसून त्याने एकीच्या पायात बूट चढवला आणि स्वच्छ विचारलं, “कम्फ्टबल?”

मैत्रिणीचा चेहरा उतरला. “तो हा नाही वाटतं?”

“ए टेबल, शहाणपणा नको,” धाकटा मालक म्हणाला. “आपलं नेहमीचं म्हण. लोक त्यासाठीच येतात.”

तो बुटाची नाडी ओढत राहिला. मग म्हणाला, “कम्फर-टेबल?”

पोरी खिदळल्या. सगळ्यांत शेवटी मुलगीही हसली.

रात्री जेवताना ती म्हणाली, “ओळख दाखवली नाहीत ते बरं केलंत.”

त्याने मान हलवली आणि तिला आणखी भात वाढला.

पुढे दुकानाच्या दारावर भली मोठी पाटी आली: ‘या, कम्फर-टेबल व्हा!’ ती टांगायला शिडीवर त्यालाच चढवलं. खालून धाकटा मालक सांगत होता, “डावीकडून जरा वर घे, टेबल.”