बारा मोटारींची जागा

आमच्या अख्ख्या गावात तेव्हा दोन मोटारी होत्या, आणि त्यातली एक बंद पडलेली. तिच्यात कोंबड्या बसायच्या. असं असताना मी वडलांच्या मंगल कार्यालयाच्या नकाशात बारा मोटारींची जागा काढली होती. वडलांना आम्ही नाना म्हणायचो. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी नारायणगावात एका ऑफिसात नकाशे काढायला लागले होते, आणि आळेफाट्याजवळ आमच्या रस्त्याकडेच्या रानात नाना कार्यालय बांधायला निघाले होते. त्यात पहिलं लग्न माझंच लावायचं, हे त्यांनी पाया खणायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

नियमच तसा होता. बांधकाम एवढं असेल तर मोटारींना एवढी जागा मोकळी सोडायची. एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर. शिवाय मालाच्या चढ-उतारासाठी एका ट्रकची जागा, पावणेचार बाय साडेसात. नानांनी नकाशा ओट्यावर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर कांदे ठेवले आणि बराच वेळ बघत बसले.

"ह्या चौकटी कसल्या?"

"मोटारींच्या."

"बारा? बारा मोटारी आनायच्या कुठनं? आन् एवढ्या रानात माझा किती कांदा निगतो, ते इचारलं का त्या नियम करनाराला?"

राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. मी म्हटलं, "मग कांद्यातच लावा माझं लग्न," आणि नकाशा गुंडाळून आत गेले. ते चारी कांदे ओट्यावरनं गडगडत अंगणात गेले. दोन दिवस बापलेकीचं बोलणं बंद. शेवटी भाकरी थापता थापता आईनंच तिढा सोडवला. नानांना म्हणाली, "पावणा गाडी जुपून आला, तर त्याची बैलं कुठं बांधता?"

आमच्याकडं पाहुण्याच्या आधी त्याच्या बैलांचं बघायची रीत. पाहुणा दारात आला की यजमानानं स्वतः जू उतरवायचं, बैल झाडाच्या सावलीला बांधायचे, त्यांना पाणी दाखवायचं, वैरण टाकायची, आणि मग माणसाला चहा. माझ्या आत्याच्या लग्नात गडबडीत व्याह्यांचे बैल दुपारभर उन्हात राहिले होते. आत्याला नातवंडं झाली तरी तिच्या सासरचे ते बोलून दाखवायचे, आणि ते नानांना दर वेळी तेवढंच लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाच म्हणाले, "काढ तुझ्या बारा. तेरा काढ, पायजे तर." तेव्हापासून कार्यालयाच्या भिंतींपेक्षा त्या मोकळ्या जागेतच त्यांचा जीव अडकला. मुरूम टाकला, पाणी मारलं, धुमसानं चोपून काढला. मी टेप लावून फक्कीनं रेघा मारून दिल्या: बारा चौकटी, आणि पुढं ट्रकची एक लांबलचक.

माघातली तिथी निघाली. पत्रिका छापून झाल्या, त्यांवर आमच्याच कार्यालयाचा पत्ता. आता एकच राहिलं होतं. बांधकामाला मंजुरी देणाऱ्या सरकारी साहेबांनी येऊन बांधकाम नकाशाबरहुकूम आहे का ते बघायचं आणि दाखला द्यायचा. दाखल्याशिवाय विजेचं मीटर मिळणार नव्हतं, आणि मीटर नसलेल्या कार्यालयात लग्न कसलं लावणार? पंधरा दिवस हातात होते. मी मावशीकडं पुण्याला शालू घ्यायला तीन दिवस गेले, आणि परत आल्यावर ऑफिसातनं थेट साहेबांच्या जीपमध्ये बसूनच कार्यालयावर पोचले.

जीप आत वळली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. बाराच्या बारा चौकटींत, अगदी मधोमध, कमरेएवढं एकेक कडुनिंबाचं रोप उभं होतं. भोवती आळं, आळ्यात पाणी, वर बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आणि शेजारी धुतलेला सदरा घालून नाना. तोंडावर असं समाधान, की आता साहेब काय बोलतात ते ऐकायलाच उभे आहेत.

साहेब भला माणूस होता. खाली उतरले, एका रोपाभोवती चक्कर मारली. "काका, इथं मोटार कुठं उभी करायची?"

"झाडाखाली."

"पण झाड तर मधेच आहे."

"मधीच पायजे, सायेब. जनावर झाडाला बांधलं का सावली फिरंल तसं त्ये बी फिरतंय. कडंला लावलं तर निम्मा दिस उन्हात ऱ्हाईल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मोटार फिरत नाही हो, काका. लावली तिथंच राहते." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, जागा मोकळी दिसल्याशिवाय मला सही करता येणार नाही, आठ दिवसांनी परत येतो. जीप मागं मागं घेत रस्त्यावर गेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गवंडी, मजूर सगळे बघत होते, आणि त्या सगळ्यांसमोर मी नानांना बोलले. "कळत नाही तर हात कशाला घालायचा? माझं लग्न आहे हे, तुमचा बैलबाजार नाही." आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. नानांनी धोतराचा सोगा खोचला आणि कुदळ आणायला गेले.

दिवस कलल्यावर मी टेप घेऊन तिकडं गेले. गेले होते माफी मागायला, पण तोंडातनं निघालं, "टेपचं टोक धरा." नानांनी धरलं. तोवर सहा रोपं मातीच्या गड्ड्यासकट निघाली होती. मी म्हटलं, ही पूर्वेच्या कुंपणालगत लावू, तिकडं पट्टी मोकळी आहे.

"दुपारचं ऊन कुठनं येतंय?" नानांनी विचारलं.

"पश्चिमेकडनं."

"मंग सावली कुठं पडंल?"

"पूर्वेला."

"म्हंजी झाड कुठं पायजे?"

नकाशात उत्तरेचा बाण मी मोठ्या झोकात काढला होता, पण सूर्य कुठनं कुठं जातो याचा विचार केला नव्हता. पश्चिमेच्या कुंपणालगतही दोन हातांची पट्टी होती. तिथं आम्ही बाराही रोपं लावली, एकेका चौकटीच्या डोक्याशी एकेक. मी मापं सांगत होते, नाना पायानं माती दाबत होते. बैलबाजाराचं त्यांनी काढलं नाही, आणि मलाही धीर झाला नाही.

साहेब आठव्या दिवशी आले, चार नंबरच्या चौकटीत जीप लावली आणि हसतच सही केली. मीटर बसलं ते हळदीच्या दिवशी सकाळी.

लग्नाला मोटारी किती आल्या म्हणाल, तर एक. नवरदेवाची जीप, आणि तीही भाड्याची. वऱ्हाड ट्रकमधनं आलं. तो ट्रक मात्र त्याच्या चौकटीत अगदी मापात बसला, एवढंच काय ते माझ्या नकाशाचं चीज झालं. शेजारच्या वाडीचे एक म्हातारे पाहुणे बैलगाडी घेऊन आले होते. नानांनी लगीनघाई सोडून स्वतः जू उतरवलं आणि बैल सात नंबरच्या चौकटीत बांधले. खिडकीतनं ते बघताना मला इतकं बरं वाटलं, की मुंडावळ्या सावरणारी करवली म्हणाली, "रडताय का हसताय, ते तरी ठरवा."

पुढं दिवस पालटले. दोन हजारनंतर वाडीवाडीत गाड्या आल्या आणि बारा चौकटी पुरेनाशा झाल्या. कडुनिंब कार्यालयाच्या पत्र्याच्या वर गेले. दर लग्नात नाना उपरणं हलवत उभे असायचे. "पावणं, अजून फुडं घ्या राव. दोन वाजता सावली तितं येनार हाय." एक नंबरच्या चौकटीत मात्र पाण्यानं भरलेली एक बादली कायम ठेवलेली. तिथं कुणी गाडी घालू लागलं की नाना म्हणायचे, "ती धरलेली हाय." कुणी धरली, ते सांगायचे नाहीत. आम्ही पुण्याहून एसटीनंच यायचो, म्हणून मीही कधी खोदून विचारलं नाही.

मग आम्ही एक जुनी गाडी घेतली. चुलत बहिणीच्या लग्नाला, ऐन वैशाखात, मीच चालवत आणली. खेडच्या घाटात ती तापली. पेठेला थांबलो, मंचरला थांबलो, आणि भर दुपारी कसेबसे पोचलो. गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. नानांनी मला स्टिअरिंगवर पाहिलं. ते एक नंबरच्या चौकटीकडं गेले, बादली बाजूला घेतली आणि उपरणं हलवलं. गाडी सावलीत पुरी मावली.

नानांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. बोनेटवर हात ठेवला, तो चटका बसून मागं घेतला.

"बारा मोटारी आनायच्या कुठनं, म्हनलो व्हतो तुला," ते म्हणाले. "ही एक जागा तवाधरनं तुझ्यासाठनं ठिवलीया."

मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी मी लई बोलले तुम्हाला."

"आधी हिला पानी दाखव," नाना म्हणाले. "मानसाचं मंग बघू."

मी बोनेट उघडलं. इंजिन निवेपर्यंत आम्ही दोघं बादलीशेजारी कडुनिंबाखाली बसून राहिलो.