गाडीचं सरकतं छत

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजोबा घर सोडून गाडीत का झोपतात, आमचं भांडण झालंय का. धाकटी आजी मागून ओरडली, "हो, रोज होतं." तिचं ऐकू नका. खरी हकीकत मी व्यवस्थित लिहून पाठवते, कारण फोनवर ती मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

जळगावचा उन्हाळा तुम्ही एकदाच पाहिलात, तोही एसीच्या खोलीतून. इथे संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, भिंतीतली धग थोडी उतरली की खाटा टाकायच्या आणि आभाळाखाली झोपायचं, ही आमची जन्माची सवय. आजोबांची खाट कधी एका जागी राहिली नाही. आज कडुनिंबाची फांदी आड येते, उद्या शेजारच्यांची टाकी आड येते, म्हणून रोज थोडी इकडे, थोडी तिकडे. मी म्हणायचे, "अहो, चांदण्या कुठे पळून जात नाहीत." ते म्हणायचे, "त्याच तर पळतात."

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण जिना कायमचा बंद. त्यांची खाट खालच्या खोलीत आली. त्यांनी तक्रार केली नाही, आणि मला तीच काळजी होती. जन्मभर वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगणारा माणूस मुकाट्याने जेवायला लागला. पेपर घडीचा घडीच राहायचा. फक्त दिवेलागणीला खिडकीकडे बघून म्हणायचे, "वर वारं सुटलं असेल." फिजिओथेरपीचा मुलगा यायचा, तर त्याला म्हणायचे, "चालून जायचंय कुठे?" आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

अंगणात, ओट्याला लागून, आपली जुनी व्हॅन उभी होती. ती आजोबांनी फार वर्षांपूर्वी धुळ्याला, आग्रा रोडवरच्या एका हॉटेलवाल्याकडून घेतली होती. आत झोपायची फळी, स्वयंपाकाचा छोटा कट्टा, पडदे, आणि डोक्यावर हँडल फिरवून मागे सरकणारं पत्र्याचं छत. तुमचे बाबा लहानपणी त्या छतातून डोकं बाहेर काढून तोरणमाळच्या घाटात गाणी म्हणत. गेली काही वर्षं ते छत उघडत नव्हतं. हँडल अर्ध्यात अडकायचं, आणि पावसाळ्यात नेमकं उशीवर पाणी गळायचं.

एका सकाळी मी गाडी झाडत होते. दार उघडं होतं, एकच पायरी, तीही बुटकी. मी तिथेच झाडू धरून उभी राहिले. जिना चढता येत नाही, पण एक पायरी येईल. छत उघडलं, तर आभाळ खाली आणता येईल.

तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आई, मी आधीच मेकॅनिकशी बोललोय. वरून पत्रा वेल्ड करून टाकतो म्हणाला. गळती बंद, मग गाडी विकता तरी येईल." मेकॅनिक सोमवारी येणार होता. त्यालाही मी विचारलं. तो म्हणाला, "मावशी, हाई आते उघडत नही. पत्रा मारी देऊत, बठ्ठी कटकट मिटी जाई."

मी म्हटलं, "सोमवारी ये. तोपर्यंत नाही उघडलं, तर मार पत्रा."

म्हणजे माझ्या हातात शनिवार-रविवार होते. आजोबांना काही सांगितलं नाही. आशा लावून मोडायची नव्हती.

तशा जुन्या गाड्यांची माहिती इंटरनेटवर इंग्रजीत भरपूर आहे. मी ती वाचून काढली. हँडलमागे एक दातेरी चाक असतं. त्याला दोन जाड, पीळदार तारा लागतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. चाक फिरलं की दोन्ही तारा छताला सारख्या ओढतात. एक तार जरा पुढेमागे झाली की छत तिरकं होऊन अडकतं. इतकं समजल्यावर मी आजोबांचे पान्हे काढले, डोळ्यांवर चष्मा बांधला आणि फळीवर पाठ टेकून कामाला लागले. काढलेला प्रत्येक स्क्रू मसाल्याच्या रिकाम्या डब्यात, प्रत्येक वाटीला चिठ्ठी.

धाकटी आजी ओट्यावरून बघत होती. तुम्हाला माहीत आहे, ती माझी जाऊ, माहेर दोंडाईच्याचं, जीभ तिकडचीच. म्हणाली, "अक्का, मोहरी कोणत्या वाटीत टाकलीस? फोडणी कधी देतेस?"

"ये आत आणि टॉर्च धर."

"माझे गुडघे."

"जीभ चालते, तेवढे गुडघे चालतील."

आली. चाक काढल्यावर छत हाताने सरकायला हवं होतं. डावी बाजू सरकली, उजवी जागची हलली नाही. ती बाजू ओट्याच्या अंगाला. तेल सोडलं, तरी नाही. शनिवारची संध्याकाळ तशीच गेली. खोलीतून आजोबांचं रोजचं वाक्य ऐकू आलं. मी हात धुतले नाहीत, पुन्हा गाडीत शिरले.

उजव्या पन्हळीत, म्हणजे छत सरकतं त्या खाचेत, टॉर्च धरून पाहिलं, तर काचेला लावतात त्या लांबीसारखं काहीतरी घट्ट बसलेलं. उलथन्याच्या टोकाने एक ढलपी काढली. पिवळसर, मध्ये काळे-पांढरे ठिपके. जावेने ती हातात घेतली आणि वास घेतला.

"अक्का," ती म्हणाली, "हाई तं मन्ही बिबडी शे."

ही तिचीच बिबडी. बिबड्या म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे, तीळ-लसूण घातलेले आपले पापड, जे तुमच्या पार्सलातून दरवर्षी चुरा होऊन पोचतात. धाकट्या आजीला गच्चीचा जिना नको वाटायला लागल्यापासून ती ते ओट्यावरूनच गाडीच्या छतावर, ओल्या फडक्यावर घालत होती. पत्रा तापलेला, एका दुपारीत खडखडीत. मीही त्या सोयीचं कौतुकच केलं होतं. चुरा, तीळ, ओघळलेलं पीठ, सगळं फटीतून पन्हळीत, आणि पावसाच्या पाण्याने त्याची खळ होऊन वर्षानुवर्षं वाळलेली. पाणी बाहेर जायचं भोकही त्यानेच बुजलेलं. म्हणून गळती उशीवर.

मी खरवडायला लागले. जावेने हात धरला. "वाळलेली बिबडी कोणी ओरबाडून काढतं का? फाटते. फडकं उलटं करून पाणी मारायचं, वाट बघायची, मग ती आपण होऊन सुटते."

तिचं बरोबर होतं. कढत पाण्यात भिजवलेल्या सुती चिंध्या पन्हळीभर दाबून बसवल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. रविवारी सकाळी ती खळ पट्टीपट्टीने निघाली. भोकात सायकलच्या ब्रेकची तार घालून ढोसलं, तर आतून मुंग्यांचं आख्खं घर बाहेर आलं. पन्हळ पुसली, ग्रीस लावलं. छताच्या कडेला लावलेली लोकरीची पट्टी झिजली होती, तिथे जावेने जुन्या घोंगडीच्या पट्ट्या कापून चिकटवल्या. पट्ट्या सरळ आल्या नाहीत म्हणून मी मास्तरणीसारखी बोलले, तर म्हणाली, "शाळा सुटली, अक्का."

मग चाक पुन्हा बसवलं. हँडल फिरवलं, छत वीतभर सरकलं आणि तिरकं होऊन अडकलं. दोन्ही बाजू सारख्या धरल्याच नव्हत्या. तिचा हात पुढे, माझा मागे. चाक पुन्हा काढलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चिडले.

"बिबड्यांचं फडकं दोघींनी उलटताना कसं धरतेस?" मी विचारलं.

"समोरचीच्या हाताकडे बघते. स्वतःच्या नाही."

मग तसंच केलं. ती माझ्या बोटांकडे बघत होती, मी तिच्या. छत हळूहळू पुढे आलं आणि दोन्ही कोपरे एकदम टेकले. तिने तसंच दाबून धरलं, मी चाक बसवून स्क्रू पिळले. हँडल फिरवलं. छत मागे गेलं, अगदी शेवटपर्यंत. वर आभाळ पांढरंफटक होतं, ऊन थेट आमच्या तोंडावर. जाऊ म्हणाली, "आता बिबड्या कुठे घालू?"

सोमवारी मेकॅनिक वेल्डिंगचं सामान घेऊन आला. मी छत बंद करून वर बादलीभर पाणी ओतायला लावलं. पाणी भोकातून खाली गाडीच्या चाकापाशी पडलं, उशी कोरडी. त्याने स्वतः दोनदा हँडल फिरवून पाहिलं. "मावशी, गॅरेजला या कामाला," म्हणाला, आणि चहा घेऊन गेला.

संध्याकाळी आजोबांना म्हटलं, गाडीपर्यंत चला. "कशाला?" म्हणाले, पण वॉकर घेतला. एक पायरी, जाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या. फळीवर आडवे झाले. मी हँडल फिरवलं. ते वर बघत राहिले. वारा आत आला, पडदा हलला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि उगाच चादर नीट केली.

मग ते म्हणाले, "हे असं कसं उभं केलंय? त्या फांदीने अर्धं आभाळ झाकलंय. गाडी जरा मागे घ्या."

जावेने कपाळाला हात लावला. "भाऊ, बॅटरी उतरलेली आहे. ढकलावी लागेल."

"मग ढकला. आणि आज वरणात मीठ होतं की नाही?"

मी शेजारच्या दोघांना हाक मारायला फाटकाकडे निघाले. त्या दिवसापासून गाडी रोज थोडी पुढे, थोडी मागे होते. ढकलायला शेजारी असतात, आणि आता वॉकर बाजूला ठेवून, एक हात गाडीला टेकून, किती घ्यायची ते सांगायला आजोबाही उभे असतात.