कोरडं डोकं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून निघाली नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. चिंतामणीच्या देवळात कितीकदा हात जोडले—तिथंही दुसरंच काहीतरी बोलून बाहेर आलो. मग तुलेच काहून सांगून राह्यलो? माहीत नाही बाप्पा. तू बस, अन् ऐक.

पहिले एवढं सांगतो—मले पोहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. हसू नको.

साठ-एकसष्ट साल असंन. कळंबले मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो अन् रशीदचं बसस्टँडपाशी सायकलचं दुकान. दोघंही तिशीचे, दोघंही लेकराबाळांचे. व्यायामशाळेच्या लोकांनी जाहीर केलं—पंधरा ऑगस्टले गावाच्या तळ्यात शर्यत, अन् ती अशा मोठ्या माणसांची, जे या सालीच पोहणं शिकले. रशीद दुकानातूनच ओरडला, आपण शिकू. मी म्हणलं, अबे, म्हाताऱ्या बैलाले नाचणं शिकवतं काय? पण गेलो त्याच्यासंग.

उन्हाळाभर सकाळी तळ्यावर जायचो. कमरेले वाळलेले भोपळे बांधायचे, म्हणजे माणूस बुडत नाही. रशीद नाकातोंडात पाणी घ्यायचा, खोकलायचा, हसायचा अन् पुन्हा उतरायचा. अन् मी? पायाखालची जमीन सुटली की मी काठाकडं धडपडायचो. असं वाटे, आता मेलो. लाज वाटायची, पण भेव लाजेहून मोठं होतं.

मग मी काय केलं—मी चालाले लागलो. तळं आटलेलं, पाणी गढूळ. गळ्यापर्यंत पाण्यात राहायचं, हात मारायचे, अन् पाय खाली चिखलात. कोणाले दिसते? एक दिवस तर मी ऐटीत भोपळा सोडून काठावर फेकला अन् तसाच चालत दूरवर "पोहून" आलो. रशीदनं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत त्यानं बाजारभर सांगितलं, आपला बाबू तर मासोळी निघाला. तेव्हाच सांगून टाकाले काय झालं होतं? हसले असते लोक, दुसरं काय? पण मले ते आवडलं होतं. लोक वाखाणत होते, ते आवडलं होतं.

पाऊस आला, तळं भरलं. शर्यत तोंडावर आली. त्या सकाळी रशीद म्हणे, आज मधोमध जाऊन येऊ. भोपळा त्याच्या हातातच होता. त्यानं मले विचारलं, बांधू काय?

"शर्यतीत काय भोपळा बांधून जाशीन काय बे? कायले भेतं? मी आहो ना मागं."

हे मी म्हणलं. कोणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. त्यानं भोपळा काठावर ठेवला अन् निघाला.

मी छातीभर पाण्यापर्यंत गेलो अन् उभा राह्यलो. तो समजला, मी मागंच आहो. मधोमध गेल्यावर त्याचे हात ढिले पडले. तो वळला. त्यानं मले हाक मारली—"बचाव" नाही म्हणलं त्यानं, नुसतं माझं नाव घेतलं. दुकानातून पाना मागताना घ्यायचा ना, तसंच. जसा मी हातभर अंतरावर आहो.

मी उभाच. भोपळा मागं काठावर होता. तो फेकला असता तर तिथवर पोचला असता काय? माहीत नाही. सुचलं होतं, एवढं खरं. मी फेकला नाही.

मग पाणी शांत झालं. मले रडू आलं नाही. काहीच आलं नाही. एक बगळा उडाला, तो मी पाहत राह्यलो.

अन् आता ते, ज्याच्यासाठी तुले एवढं फिरवून आणलं. छातीच्या वर मी कोरडा होतो. डोक्याचा एक केसही भिजला नव्हता. माझ्या मनात आलं—गावात लोक विचारतीन. रशीद तिकडं पाण्याखाली, अन् माझ्या मनात हे आलं. मी नाक धरलं, डोकं बुडवलं, चांगलं भिजवलं. मग गावाकडं बोंबलत पळालो.

शर्यत झाली नाही. त्यानंतर मी कधी पाण्यात उतरलो नाही. लोक म्हणत, दोस्तासाठी उडी घेतली, बिचाऱ्यानं धसका घेतला. मी कोणाले नाही म्हणलं नाही. रशीदची आई जिवंत होती तोवर दर ईदले माझ्या घरी शीरखुर्म्याचा डबा धाडत राह्यली. मी खाल्ला. दर खेपेले खाल्ला.

लोकांनी रशीदले लगेच काढून घरी आणलं, तेव्हा मी त्यांच्या दारात उभा होतो. केसातून अजून पाणी गळत होतं. म्हातारी लेकापासून उठली, माझ्याकडं आली, अन् आपल्या ओढणीनं माझं डोकं पुसाले लागली. म्हणे, "मेरे रशीद के वास्ते कूदा तू, बेटा. सर्दी हो जाएगी तेरे को."

ती ठेंगणी होती. हात पोचत नव्हता तिचा. मी मान खाली केली.