टोपी मोजायची नाही

कंडक्टर मामा माणसं हाताने मोजत. सगळे गाडीत चढले की ते मागच्या बाकापासून पुढे येत. तिकीट पंच करायचा जुना चिमटा त्यांच्या हातात असे. त्याने प्रत्येकाच्या खांद्यावर हलकी टिचकी मारायची आणि ओठांतल्या ओठांत आकडा म्हणायचा. आकडा जुळला की दोन टाळ्या. श्रीलंकेतल्या भाड्याच्या बसला घंटीची दोरी नव्हती, म्हणून टाळ्या. मग "डबल" असं म्हणून ते ड्रायव्हरशेजारी बसत आणि गाडी हले. आम्ही बत्तीस जण होतो. मामा स्वतःला त्यात धरत नसत. कंडक्टर प्रवासी नसतो, असा त्यांचा हिशेब.

कळंब–तेर–धाराशिव या रस्त्यावर त्यांची निम्मी नोकरी झाली. तिकिटांची मशीन आली तेव्हा चिमटा जमा करायला ते विसरले. "आधी चिमटा रिटायर झाला, मग मी," असं सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या भागातल्या बौद्ध कुटुंबांच्या सहली काढायला सुरुवात केली. आधी बोधगया, सारनाथ, मग श्रीलंका. श्रीलंकेची ही आठवी फेरी होती आणि शेवटची, हे त्यांनी निघण्याआधीच जाहीर केलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

खरं तर विमानतळावरच कळायला हवं होतं. मामांचा सामानाचा नियम असा होता: शेंगदाण्याची चटणी खाली, पासपोर्ट वर, आणि जाड मोजे त्याच्याही वर. कोलंबोला उतरल्यावर त्यांनी आपला फॉर्म माझ्यापुढे केला. "तुमी भरा. माझा चष्मा बॅगेत पार खाली गेलाय." बत्तीस लोकांना काय वर ठेवायचं ते पाठ करायला लावणाऱ्या माणसाचा चष्मा खाली कसा गेला, हा प्रश्न मला पडला नाही. मी आईला घेऊन सहलीला आलेला, पुस्तकं वाचणारा माणूस. माझ्याजवळ त्या बेटावरच्या स्तूपांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि मी त्यात डोकं घालून बसलो होतो.

आमच्याबरोबर एक साहेब होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि निवृत्ती फारशी मान्य नसलेले. कळंबच्या स्टँडवर निघताना त्यांनी स्वतःचा सत्कार करवून घेतला. तिथल्या भाषणात त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून ही सहल रीतसर समितीमार्फत निघेल, अध्यक्षपद स्वीकारण्याची त्यांची तयारी आहे, आणि मामांचं वय पाहता त्यांना आता विश्रांती द्यायला हवी. मामा गळ्यातला हार काढत म्हणाले, "साहेब, विश्रांती गाडी आल्यावर. आधी चढून घ्या." साहेबांजवळ सात फुटी बॅनर होता. त्यावर त्यांचा फोटो बुद्धमूर्तीच्या फोटोपेक्षा थोडाच लहान होता. शिवाय एक वही होती. तिच्यात ते सहलीतल्या त्रुटी लिहून ठेवत. पहिल्या दिवशीची त्रुटी होती, "भात फार, भाकरी नाही."

आमच्या ड्रायव्हरचं नाव सुनील होतं. नाव ऐकून निम्म्या लोकांना तो लातूरकडचा वाटला आणि त्यांनी त्याला आडनाव, गाव, पाहुणे असं सगळं विचारून घेतलं. तो सिंहली होता, सिनेमातून शिकलेली हिंदी बोलत होता आणि मामांच्या सात फेऱ्यांत त्यांच्याबरोबर राहिला होता. देवळात, स्तूपापाशी चपला काढायच्या म्हटलं की दगड तव्यासारखे तापलेले असायचे. मोज्यांचं महत्त्व तेव्हा कळायचं. सुनील मात्र अनवाणी, मामांच्या अर्धं पाऊल पुढे, काहीतरी गुणगुणत चालायचा. मला वाटलं, हौशी माणूस आहे.

मामांची माहिती सांगायची पद्धत स्टॉपची होती. "हा मोठा थांबा. लघवी, पाणी, वंदना, याच क्रमानं." दारात गर्दी झाली की "उतरणारे आधी." मग इतिहास. आणि इतिहासात कुठूनही निघाले तरी ते तेरला पोचायचे. आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे एके काळचं तगर. तिथेही विटांचा स्तूप होता. आता जमिनीसपाट पाया उरलाय. मामा म्हणायचे, "ह्यांनी राखलं. आपल्याकडं मातीखाली गेलं, आन् वरच्या विटा लोकांनी चुलीला लावल्या. हे परदेश न्हाय बरं का. आपलंच सामान हाय, दुसऱ्याच्या घरी नीट ठेवलेलं." माझ्या पुस्तकात हे इतक्या थोडक्यात कुठे नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अनुराधपुरात बोधिवृक्षाला वंदन करून आम्ही मोठ्या स्तूपाकडे निघालो. सुनील गाडी लावायला गेला होता. साहेब चार-पाच जणांना घेऊन बॅनरसाठी जागा शोधायला पुढे गेले होते. मामांनी माझ्या आईचा दंड धरला. "चला अक्का, तुमाला आधार देतो." रस्ता सरळ होता. स्तूपासमोर पोचल्यावर मामा थांबले, हात वर केला आणि म्हणाले, "बघून घ्या. पांढराशुभ्र. एक डाग सापडणार न्हाय. बुडबुड्यासारखा आकार हाय, कारण आयुष्य बुडबुड्यासारखं."

आम्ही बघितलं. रंगाच्या कामासाठी स्तूपाला बुडापासून शेंड्यापर्यंत बांबूची परांची बांधली होती. त्यावर हिरवं जाळीचं कापड. पांढरं असं एक बोटभरही दिसत नव्हतं.

मामांचा हात वरच होता.

"गप का झाले सगळे?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय भाऊ," आई म्हणाली. "लई पांढरा हाय. डोळंच दिपलं."

"व्हय मामा, लई पांढरा," मागून दोघी-तिघी म्हणाल्या. परत येताना आईने मला बाजूला घेतलं. "मघाशी त्यांनी मला आधार दिला न्हवता रे. माझ्या दंडाला धरून आले ते. त्या साहेबाला कळू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या अंगणात चहा घेताना मामांनीच विषय काढला. "परांची होती म्हणं काल. सुनील सांगत होता."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"अक्कांनी चांगलं निभावलं. काचबिंदू हाय. आधी बाजूचं गेलं, आता मधलंबी धुरकट. उजेड-सावली कळती. पायऱ्या मला पाठ हायत, थांबे पाठ हायत."

"मामा, बत्तीस माणसं आहेत. त्यात निम्मी म्हातारी."

"म्हणून तर मोजतो."

"दिसत नसताना?"

"मी कधी डोळ्यांनी गाडी चालवली? ते ड्रायव्हरचं काम. कंडक्टरला हात आन् कान लागतात." मग चहाचा कप खाली ठेवून, कुठे टेबल आहे ते बोटाने आधी चाचपून, ते म्हणाले, "साहेबाला कळलं तर तो आजच माईक घेईल. मला सुनीलच्या शेजारी पोत्यासारखं बसवून ठेवतील. घेऊ द्या पुढच्या वर्षी. ही फेरी माझी हाय. बत्तीस नेले, बत्तीस स्टँडवर उतरवणार. तवर सांगू नका. पण एखाद्याला इजा होईल असं वाटलं तर सांगा, माझी ना न्हाय."

मला ते पटलं असं नाही. मी मनाशी ठरवलं की त्यांच्या मोजणीनंतर आपण गुपचूप डोळ्यांनी एकदा मोजायचं. ज्याला दिसतं त्याने पडताळा घेतलेला बरा.

पोलोन्नरुवाला एका अखंड खडकात कोरलेल्या मोठ्या बुद्धमूर्ती आहेत. त्यातली एक पहुडलेली. मामांनी तिच्यासमोर आम्हाला उभं केलं. आज सुनील शेजारी होता. "सगळे तोंड बघतात. तुमी उशी बघा. डोकं टेकलंय तिथं उशी दबलीय. दगडाची उशी, दबलीय! आन् पायाकडं या. दोन्ही अंगठे सारखे न्हाईत, एक मागं सरकलाय. झोपलेल्या माणसाचे पाय जुळलेले असतात. हे झोपणं न्हाय, हे जाणं हाय." आई उशीपाशी बराच वेळ उभी राहिली. माझ्या पुस्तकात उशीबद्दल दोन परिच्छेद होते. ते मी वाचले होते आणि तरी उशी पाहिली नव्हती.

गाडीत परतलो. मामा मागून टिचक्या मारत पुढे आले, मी माझ्या जागेवरून डोळ्यांनी मोजलं. बत्तीस. टाळ्यांची वाट पाहू लागलो. टाळ्या वाजल्या नाहीत.

"एकतीस," मामा म्हणाले.

"बत्तीस आहेत मामा. मी मोजलेत."

ते परत मागे गेले. पुन्हा टिचक्या. ऊन चढलं होतं, लोक कुरकुरायला लागले. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "मामा, माझं ऐका. बत्तीस आहेत." मनात आलं, आता सांगायलाच हवं.

मामा चौथ्या बाकापाशी थांबले होते. खिडकीच्या जागेवर चिमटा आपटला. खांदा लागला नाही. त्यांनी हात घातला आणि साहेबांची पांढरी टोपी उचलून दाखवली. टोपीखाली पिशवी होती, पिशवीला साहेबांचं जाकीट घातलेलं. आपल्याकडे एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. साहेबांनी रुमालाऐवजी पूर्ण पोशाखच बसवला होता.

"उभी नोकरी केली," मामा म्हणाले, "टोपी मोजायची न्हाय. लोक टोप्या, टॉवेल, कोंबड्या ठेवून जायचे. मोजायचा तो खांदा." मग क्षणभर कान देऊन, "बॅनर गाडीत हाय का?"

बॅनर नव्हता.

"मंग मूर्तीपाशी असतील. चला तुमी. सुनील, तूबी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही परत निघालो. या वेळी आधार कोण कुणाला देतंय याबद्दल कसलंही नाटक नव्हतं.

साहेब पहुडलेल्या बुद्धाच्या पुढ्यात बॅनर धरून उभे होते. मूर्तीकडे पाठ. त्यांच्यासमोर राखणदार हात पसरून काहीतरी ठामपणे सांगत होता. त्या देशात बुद्धाकडे पाठ करून फोटो काढणं हा अपमान समजतात, कायद्यानेही चालत नाही. मामांनी हे पहिल्याच दिवशी माईकवर सांगितलं होतं. साहेब तेव्हा त्रुटी लिहीत होते. आता ते राखणदाराला मराठीत आणि मोठ्याने आपला हुद्दा सांगत होते. कुणा पर्यटकाला फोटो काढायला दिलेला त्यांचा मोबाइल राखणदाराच्या हातात होता आणि पोलीस बोलवायची भाषा सुरू होती, असं सुनीलने सांगितलं.

मामा वाद घालायला गेले नाहीत. माझ्या खांद्यावरचा हात काढून चार पावलं पुढे झाले, गुडघे टेकले आणि मूर्तीपुढे त्रिसरण म्हणू लागले. पाली सगळीकडे तीच. चाल थोडी वेगळी. राखणदाराने बोलणं थांबवलं. दुसऱ्या ओळीला त्याने हात जोडले, तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज मिसळला. संपल्यावर मामा उठले आणि राखणदाराची माफी मागायला वळले. हात जोडून, अगदी मनापासून, त्यांनी माफी मागितली. फक्त राखणदार त्यांच्या डावीकडे उभा होता आणि मामा एका खांबाशी बोलत होते.

राखणदाराने पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. राखणदार हळूच सरकून खांबापुढे येऊन उभा राहिला, म्हणजे माफी योग्य ठिकाणी पोचली. त्याने साहेबांकडून फोटो पुसून घेतला आणि मोबाइल परत दिला.

गाडीकडे येताना मी वाट पाहत होतो की साहेब आता माईक मागतील. त्यांनी बॅनर गुंडाळून बाकाखाली सारला. मामांनी पुन्हा मागून मोजायला सुरुवात केली. चौथ्या बाकापाशी चिमटा साहेबांच्या खांद्यावर पडला, तेव्हा साहेब शाळेतल्यासारखं जोरात म्हणाले, "हजर!" मामा थबकले. मग हसले. त्यानंतर परतीपर्यंत प्रत्येक मोजणीला सगळी गाडी "हजर, हजर" म्हणत राहिली आणि मामांना चिमटा मारायचं कामच उरलं नाही. तरी ते मारत.

वहीत पोलोन्नरुवाच्या पानावर साहेबांनी काय लिहिलं, ते मी नंतर विचारलं. पान कोरं होतं. समिती पुढे झाली, साहेब अध्यक्षही झाले. पण प्रत्येक सहलीआधी थांब्यांचा क्रम विचारायला ते मामांच्या घरी जायचे आणि टोपी दारातच काढून हातात धरायचे. मामा गेल्यावर त्यांच्या मुलाने तो चिमटा साहेबांना दिला. साहेबांना तो अजून नीट वापरता येत नाही, जोरात लागतो.

पण मला मामा आठवतात ते त्या परतीच्या दुपारी. मुंबईहून आलेली आमची बस कळंबच्या स्टँडात शिरली. मामा दाराच्या आत, पहिल्या पायरीपाशी उभे राहिले. एकेक जण उतरत होता आणि ते खांद्यावर टिचकी मारत आकडा म्हणत होते, या वेळी मोठ्याने. एकतिसावे उतरले ते साहेब. त्यांनी वाकून "जय भीम" केला. शेवटी आई उतरली.

"बत्तीस," मामा म्हणाले. चिमटा खिशात ठेवला. दोन टाळ्या वाजवल्या, पण "डबल" म्हणाले नाहीत. रिकाम्या गाडीत तसेच उभे राहिले, जणू आता त्यांचं काम नाही आणि कुठं जायचं तेही ठरलेलं नाही.

आई खाली दोन पावलं गेली होती. ती परत फिरली, पायरीपाशी आली आणि तिने त्यांच्या खांद्यावर बोटाने टिचकी मारली.

"तेहतीस," आई म्हणाली. "उतरा भाऊ. पायरी उंच हाय, माझा दंड धरा."