मी गाळलेलं वाक्य

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लिहायला बसलो आणि तीनदा पाणी प्यायला उठलो—तहान कुठली, चोराच्या मनात चांदणं.

मी आदिलाबादजवळच्या मावल्यात राहतो, सरकारी नोकरी करतो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू. तेलुगूत तर मी भांडूनही येतो. माझी थोरली बहीण, अक्का, तलमडुगूकडच्या एका खेड्यात दिलेली. तिला तेलुगू भाजी घेण्यापुरतीच येते. एवढं लक्षात ठेवा, माझी सारी लबाडी त्यावरच उभी आहे.

दसऱ्याच्या सुमारास, पहिल्या वेचणीला, मी तिच्याकडे गेलो होतो. अक्का आणि शेजारची रुखमा कमरेला पदराची ओटी बांधून कापूस वेचत होत्या. मी बांधालगत गाडीत फोन बघत बसलो होतो. आभाळ दाटलं आणि वीज पडली—रुखमावर. अक्काने तिचं डोकं मांडीवर घेतलं. रुखमा गेली. आणि मी? थांबा, तिकडेच येतोय.

त्यानंतर ढग दिसले की अक्का थरथरायची. ताट पडलं तरी कोपऱ्यात जाऊन बसायची. गाव म्हणालं बाहेरचं लागलं, गंडेदोरे झाले. शेवटी मीच तिला आदिलाबादेत मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शिकलेला भाऊ असावा तर असा, असं लोक म्हणाले, आणि मी ते ऐकून घेतलं. बाईंना मराठी येत नव्हती. मग दुभाष्या कोण? मीच की.

बाईंनी समजावलं, हे वेड नाही. संकट टळलं तरी शरीराला ते कळत नाही, ते अजून त्या शेतातच उभं असतं. हे मी अक्काला नीट सांगितलं, अगदी शब्दन् शब्द. मग त्यांनी विचारलं, तेव्हा नेमकं काय झालं? अक्काने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली,

“मी हाका मारून राह्यली होती, अन् माह्या भावानं गाडीची काच वर केली.”

खरं आहे. रुखमाचं डोकं मांडीवर घेऊन तिने माझ्या नावाने हाका मारल्या. मी ऐकल्या—आणि काच वर केली, दार आतून लावलं. भ्यालो होतो. पण ती काय कमी भ्याली होती?

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी तेलुगूत म्हणालो, ती म्हणते, हाका मारल्या, पण जवळ कोणीच नव्हतं.

बाईंचे डोळे भरून आले. आभाळ आलं की पाय जमिनीला टेकवा, म्हणाल्या, समोरच्या पाच गोष्टींची नावं घ्या आणि भरवशाच्या माणसाचा हात धरा. असं म्हणून त्यांनी अक्काचा हात उचलला आणि माझ्या हातात दिला.

बाहेर आल्यावर अक्काने तो सोडला नाही. म्हणाली, “बाईले सारं सांगतलं म्या. ऐकून बी त्यायनं तुहाच हात देल्ला. मंग म्या काऊन राग धरू?”

तेव्हा बोलायचं होतं. तिथेच, रस्त्यावर, ती माझ्याकडे बघत असताना. मी म्हणालो, चल, उशीर होईल.

तिने मला माफ केलं ते बाईंच्या भरवशावर. आणि बाईंना तर काही ठाऊकच नव्हतं.

आता पावसाचा रंग दिसला की मी गाडी काढून तिच्याकडे जातो. तिला खूपच बरं आहे, लोक पुन्हा माझं नाव काढतात. अक्का ओसरीवर पाय टेकवून नावं घेते—उखळ, दोरी, कोंबडी, घागर. पाचवं दर वेळी एकच असतं.

“माहा भाऊ,” ती म्हणते. मी हात पुढे करतो.