दोन रेकॉर्डमधली जागा

सक्करदऱ्यात शालिकरामचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पुढच्या खोलीत टिनाची दोन कपाटं, चार भोंगे आणि भिंतीला टेकवलेल्या वायरींच्या गुंडाळ्या. नागपुरात असे लाऊडस्पीकरवाले तेव्हा शंभर तरी असतील. ते एक गाणं लावायचे, ते संपलं की बिडीचा झुरका घ्यायचे, रेकॉर्ड पुसायचे आणि मग दुसरं लावायचे. तोवर मांडवात पोरं बोंबलायची. शालिकरामला या प्रकाराचा मनापासून संताप यायचा. लोकांचे पाय हलायला लागले आणि तुम्ही बिडी ओढता? लाज नाही वाटत?

म्हणून त्यानं रेकॉर्ड वाजवायच्या दोन मशिनी ठेवल्या होत्या. एकीवर गाणं वाजत असताना तो दुसरीवर पुढची रेकॉर्ड चढवायचा आणि जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर तिला जोडून एकट्याच्या कानाला लावायचा. एका कानात मांडवातला ढोल, दुसऱ्या कानात येणारा ढोल. दोन्हींची चाल जुळेपर्यंत तो फिरत्या थाळीच्या कडेला अंगठा टेकवून तिला हळू करायचा, सोडायचा, पुन्हा टेकवायचा. जुळलं की एक आवाज खाली, दुसरा वर. कुठं संपलं नि कुठं सुरू झालं, हे देवाच्या बापालाही कळत नसे. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि याची शेखी त्यानं मरेस्तोवर मिरवली असती, जर सत्त्याहत्तर सालच्या नवरात्रातली अष्टमी आली नसती.

एक गोष्ट मात्र त्याला शिकवली गेली होती. वस्तीतले म्हातारे नत्थूजी डहाका वाजवत. डहाका म्हणजे डमरूच्या जातीचं मोठं वाद्य. ते घुमायला लागलं की ऐकणाऱ्याच्या अंगात यायचं. भोंगे आले, तशी नत्थूजींना कोणी बोलवेना. माणूस मोठ्या मनाचा. रुसून बसण्याऐवजी ते शालिकरामच्या दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "आता बाया तुह्या रेकॉर्डीवर घुमतीन. ठीक हाय. पण मशीन पाहून नाही वाजवायचं गा. बाईची टाच पाह्यजो. जोवर टाच भुईले लागून राहिली, तोवर ते आपल्यातच हाय. टाच उचलली, का शंभर मोजाचे आन् उतरवाले लागाचं. हळूहळू. झटक्यानं बंद केलं तरी वाईट, अन् नाही उतरवलं तरी वाईट. ज्यानं चढवलं त्याच्यावरच हाय ते."

शालिकरामनं ते अक्षरशः पाळलं. नवरात्रात तो टेबल अशा जागी मांडायचा की घुमणाऱ्या बायांचे पाय दिसावेत. संथ चालीच्या ओवीची एक रेकॉर्ड तो कायम हाताशी, कव्हराबाहेर काढून ठेवायचा. टाच उचलली की ओठांतल्या ओठांत मोजायचा आणि ती रेकॉर्ड आणून जोडायचा. बाया शांत व्हायच्या, पाणी प्यायच्या, घरी जायच्या. तेरा वर्षं कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

दर नवरात्रात तो नंदनवनच्या देवीमंडळात वाजवायचा; तिथले अध्यक्ष चंद्रभानजी. गृहस्थाला देवीची भक्ती होती, पण त्याहून जास्त भक्ती गर्दीची होती. शेजारच्या मंडळात किती माणूस जमलं याची बातमी त्यांना आरतीच्या आधी लागायची. त्यांच्या मंडळाची खरी ओढ होती मनकर्णाबाई. चाळिशीची, सूतगिरणीत कामाला जाणारी विधवा बाई, एकुलत्या एका पोरीला, गोपिकाला, घेऊन राहणारी. एरवी कोणाशी मान वर करून बोलायची नाही, पण अष्टमीला तिच्या अंगात यायचं आणि ते पाहायला लोक लांबून यायचे. नऊ दिवस ती नुसत्या पाण्यावर असायची.

सत्त्याहत्तरच्या अष्टमीला दुपारी ऊन असं होतं की मांडवाचं कापड हाताला चटके देत होतं. साडेचारला आरती झाली. शालिकरामनं हळूहळू चाल वाढवत नेली, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि मनकर्णाबाईंचे केस सुटले. मग टाच उचलली. तो मोजू लागला. ऐंशीपर्यंत आल्यावर त्यानं संथ रेकॉर्ड हातात घेतली.

तेवढ्यात चंद्रभानजी घामाघूम होऊन टेबलाशी आले. "शालिकराम, आमदार साहेबांची गाडी चौकात येऊन राहिली. पाच मिनिटं. बाईले असंच ठेव. साहेबांना दिसली पाह्यजे."

"टाच उचलली हाय, चंद्रभानजी."

"अरे, टाच का पाहून राहिला? पाच मिनिटं म्हणतो ना मी!"

शालिकरामनं एकदा मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ काळसर दिसत होते. हे त्यानं पाहिलं, नीट पाहिलं, आणि संथ रेकॉर्ड कव्हरात घातली. जलद ठेक्याची दुसरी काढली, रिसीव्हर कानाला लावला, अंगठा थाळीला टेकवला. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण तो जोड त्याच्या आयुष्यातला सगळ्यात देखणा जोड होता. तो जमल्यावर त्याला क्षणभर आनंदच झाला.

साहेब आले तेव्हा मनकर्णाबाई जमिनीवर होत्या. बायांना वाटलं, बाई देवीपुढं लोटांगण घालते आहे. कोणी हळद वाहिली, कोणी पायावर डोकं ठेवलं. शालिकरामनं घाईघाईनं संथ रेकॉर्ड जोडली, पण उतरवायला आता तिथं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं.

दोष कोणीच कोणाला दिला नाही. देवीनं पदरात घेतलं, असं मरण मागून मिळत नाही, असं लोक म्हणाले. चंद्रभानजींनी बाईंची तसबीर मांडवात लावली आणि कोजागिरीला शालिकरामला शालश्रीफळ दिलं. त्यानं ती शाल घरी आणून बायकोच्या, वच्छलाच्या हातात दिली आणि म्हणाला, "हे मले दिसंल अशी ठेवू नको." तिला ते समजलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

नत्थूजींना मात्र सांगावंच लागलं. म्हातारा तेव्हा खाटेला खिळलेला होता. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "टाच पाह्यली होती का?"

"पाह्यली होती."

नत्थूजींनी भिंतीकडे तोंड केलं. पुढं शालिकराम चारदा गेला, चारही वेळा ते तसेच पडून राहिले. माघात ते वारले.

दुसऱ्या वर्षी अष्टमीच्या आधी चंद्रभानजी पुन्हा दुकानात आले. आता आईची जागा पोरगी घेणार, गोपिकाच्या अंगात येऊ लागलं आहे, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. "मागच्या सालच्याच रेकॉर्डी पाह्यजे. त्याच ओळीनं."

नाही म्हणायचं शालिकरामच्या जिभेवर आलं होतं. पण तो नाही म्हणाला असता तर इतवारीतला कोणी लाऊडस्पीकरवाला टेप घेऊन आला असता, टेप लावून चहा प्यायला गेला असता, आणि पोरीची टाच पाहणारं कोणी उरलं नसतं. तो हो म्हणाला.

एकोणीस वर्षांची गोपिका आईचं हिरवं लुगडं नेसून आली. त्याच रेकॉर्डी, तीच ओळ. शालिकरामला ते वाजवणं नको झालं होतं, तरी जोड जमत होते; हाताला काय कळतं? तिसऱ्या रेकॉर्डला गोपिकाचे केस सुटले. टाच उचलली. त्यानं शंभर मोजले नाहीत, दहासुद्धा मोजले नाहीत. संथ रेकॉर्ड जोडली आणि थाळीवर अंगठा दाबून धरून चाल आणखी खाली, आणखी खाली आणली. गर्दीत कुजबुज सुरू झाली. चंद्रभानजी ओरडले. त्यानं मान वर केली नाही. दोन्ही टाचा भुईला लागलेल्या पाहिल्या तेव्हा त्याचे डोळे भरून आले. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उठलं, असं त्याला वाटलं.

गोपिका धापा टाकत सरळ टेबलापाशी आली. "काका, माही आई येऊन राहिली होती. एवढी जवळ आली होती. काहून थांबवलं तुम्ही?"

तिला हे कारण ऐकायला मिळालंच पाहिजे, असं त्याला त्या घडीला वाटलं. त्यानं जवळजवळ सगळं सांगितलं. टाच, नत्थूजी, संथ रेकॉर्ड, काळे पडलेले ओठ. "म्हणून तुले लवकर उतरवलं वं पोरी. तुले काही व्हाले नाही पाह्यजे."

ती ऐकत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "म्हंजे उतरवता येत होतं."

"हो."

"मंग माह्या आईले काहून नाही उतरवलं?"

साहेब येणार होते म्हणून, हे उत्तर त्याच्याजवळ होतं. ते तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? मागं रेकॉर्ड संपली होती आणि सुई शेवटच्या रेघेत घासत होती. दुसरी मशीन रिकामीच फिरत होती. त्याच्या मांडवात गाणं पहिल्यांदाच असं मधेच तुटलं. गोपिका केस बांधत निघून गेली.

त्यानंतर शालिकरामनं एक मशीन गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. लग्नं, बारशी तो करत राहिला, पण एकाच मशिनीवर, आणि नवरात्रात कोणी बोलवायला आलं तर वच्छला दारातूनच नाही म्हणायची. आता दोन गाण्यांच्या मधे अर्धं मिनिट तरी जागा राहायची. पोरं बोंबलायची, "झोपला का गा, काका?" तो रेकॉर्ड पुसायचा आणि मांडवभर सगळ्यांच्या पायांकडे पाहायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळ्या टाचा भुईला लागलेल्या दिसल्या, की तो पुढचं गाणं लावी.